काउंटरवर विचारलेला प्रश्न

कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाळी सुटली की लक्ष्मी टेकडीकडचा रस्ता मोटारसायकलींनी भरून जातो. कुणी हुपरीला निघालेला असतो, कुणी कसबा सांगावला, कुणी कागल ओलांडून थेट निपाणीकडे. त्यातले दोन-चारजण गाडी बंद न करताच मेडिकलसमोर थांबतात. हेल्मेट डोक्यावरच असते. ‘‘अंग लई ठणकतंय दादा, ती परवाची गोळी द्या दोन.’’ काउंटरमागचा माणूस न बघताच खणात हात घालतो, पट्टीतून दोन गोळ्या कात्रीने कापतो, पैसे गल्ल्यात टाकतो. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटाचा. कापलेल्या तुकड्यावर ना औषधाचे पूर्ण नाव उरते, ना मुदतीची तारीख.

याच काउंटरवर आणखी अर्धे मिनिट गेले तर?

‘‘बीपीची गोळी चालू आहे काय तुमची?’’

‘‘हाय की. वरीस झालं.’’

‘‘कुठल्या खात्यात कामाला?’’

‘‘मेल्टिंगला. भट्टीपुढं.’’

‘‘आणि ही अंगदुखीची गोळी किती दिवस घेताय?’’

या तीन प्रश्नांच्या उत्तरांत एक धोका दडलेला आहे आणि तो शोधणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. रक्तदाबासाठी आज अनेकांना टेल्मिसार्टनसारखे औषध आणि लघवी वाढवणारे औषध एकाच गोळीत दिले जाते. मूत्रपिंडाच्या गाळणीचे गणित उसाच्या रानाला पाणी पाजणाऱ्याला चटकन कळेल. आत येणाऱ्या पाटाचा दाब टिकला तरच गाळणी चालते. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या आत येणारी वाट अरुंद करतात. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट रुंद करते. लघवीची गोळी पाटातले पाणीच कमी करते. आणि हा माणूस तर आठ तास वितळलेल्या लोखंडापुढे घाम गाळून आलेला. एकेक गोळी निर्दोष, डॉक्टरांचेही काही चुकलेले नाही. पण सगळे एका दिवशी एका शरीरात जमले की मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते. बीपीची चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना अंगदुखीची गोळी ठाऊक नसते, कारण ती चिठ्ठीवर नसतेच. दोन्ही गोळ्या ज्याच्या नजरेसमोरून जातात असा एकच माणूस साखळीत आहे, आणि तो मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे.

‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हा शब्द ऐकला की बहुतेकांना मोठे रुग्णालय आठवते. अतिदक्षता विभाग, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्यांच्या घोळक्यात केसपेपर चाळणारी एखादी तरुण मुलगी. ते चित्र खरेच आहे. पण औषधांचा मोठा वापर रुग्णालयाच्या भिंतीबाहेर होतो. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड यांच्या गोळ्या वर्षानुवर्षे घरात, कारखान्यात, शेताच्या बांधावर घेतल्या जातात. म्हणून हे पुस्तक क्लिनिकल फार्मासिस्टला रुग्णालयातून बाहेर काढून गावातल्या, नाक्यावरच्या औषध दुकानात उभा करते आणि विचारते, हा माणूस कुठून आला, काय शिकून आला, त्याला इथे काय करता येईल आणि काय करू दिले जाते.

आधी शब्दांचा उलगडा करू. आपल्याकडे औषधाच्या दुकानाला फार्मसी कुणी म्हणत नाही, ‘मेडिकल’ म्हणतात. दुकान चालवणारा मेडिकलवाला. त्याच्याआधीच्या पिढीत कंपाउंडर होता, डॉक्टरांच्या दवाखान्यात लाकडी पार्टिशनमागे बसून मिक्श्चर बनवणारा. त्याच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एक खाच म्हणजे एक डोस. ती पट्टी हे रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहिलेले लेबलच होते. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही किती प्यायचे आणि किती उरले ते दिसत असे. पुढे कारखान्यात तयार झालेल्या गोळ्या आल्या, मिक्श्चर गेले आणि पट्टीही गेली. तिच्या जागी चिठ्ठीवरचे ‘१-०-१’ आले. कागलच्या वसाहतीत या १-०-१ ने काय घोटाळा होतो ते पुढे येईलच.

भारतात या व्यवसायाची घडी बसवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९३० साली नेमलेल्या औषध चौकशी समितीने केला. कर्नल रामनाथ चोप्रा तिचे अध्यक्ष होते. बाजारात भेसळ आणि बनावट औषधांचा सुळसुळाट होता आणि औषध देणाऱ्याला शिक्षणाची अट नव्हती. १९३१ च्या अहवालाने कायदाही मागितला आणि शिक्षितांची नोंदवहीही. १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू केले. १९४० मध्ये औषधांचा कायदा झाला, १९४५ मध्ये त्याचे नियम आले आणि १९४८ मध्ये फार्मसी अधिनियम. त्याच्या ४२ व्या कलमाने सांगितले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचेच आहे.

१९४८ हे साल कागलच्या वाचकाने जरा थांबून पाहावे. त्याच एका वर्षात तीन कायदे आले. फार्मसी अधिनियम, कारखाने अधिनियम आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम. पहिल्याने औषध देणारा ठरवला, दुसऱ्याने यंत्रापाशी उभ्या माणसाच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकली, तिसऱ्याने त्या माणसाच्या आजारपणाचा खर्च वाटून घेतला. तिन्हींच्या मनात माणूस एकच होता. पण तीन कायद्यांची तीन खाती झाली आणि ती आजवर एकमेकांशी फारशी बोललेली नाहीत. एमआयडीसीच्या दारातले मेडिकल हे या तिघांच्या वाटा मिळण्याचे ठिकाण आहे. या पुस्तकाचा जन्म त्याच जाणिवेतून झाला आहे.

नव्या स्वतंत्र देशाला औषधे बनवणारे हात हवे होते. त्यामुळे आपले फार्मसी शिक्षण कारखान्याकडे तोंड करून वाढले. पदवीच्या वर्षांत गोळी कशी बांधायची, तिचे विघटन किती मिनिटांत झाले पाहिजे, भट्टीचे तापमान किती, हे पक्के शिकवले गेले. त्याचे फळही मिळाले, भारतीय औषधे जगभर पोचली. पण गोळी माणसाच्या पोटात गेल्यावर पुढे काय, हा भाग मागे राहिला. दुकानात उभा राहणारा मात्र दुसऱ्याच वाटेने आला. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची डी. फार्म. आणि थोडे प्रत्यक्ष प्रशिक्षण. तिचा १९९१ चा अभ्यासक्रम जवळजवळ तीस वर्षे चालला. २०२० च्या नियमांनी तो बदलला तेव्हा समुपदेशन, सामुदायिक फार्मसी, सामाजिक आरोग्य या विषयांना कुठे नीट जागा मिळाली.

दरम्यान दक्षिणेत वेगळे काही घडत होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर आणि उटी इथल्या जेएसएस महाविद्यालयांत ‘फार्मसी प्रॅक्टिस’ या विषयात एम. फार्म. सुरू झाले. विद्यार्थी प्रयोगशाळेतून वॉर्डात गेले, रुग्णाच्या खाटेशी उभे राहून औषधांचा तक्ता वाचू लागले. त्यानंतर २००८ मध्ये भारतीय फार्मसी परिषदेने फार्म. डी. आणली, पाच वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. कागलपासून पाहायचे तर एका अंगाला बेळगावचे केएलई, दुसऱ्या अंगाला पुण्याचे भारती विद्यापीठाचे पूना कॉलेज ऑफ फार्मसी, दोन्हीकडे हा अभ्यासक्रम आहे. म्हणजे महामार्गाच्या दोन्ही टोकांना क्लिनिकल फार्मासिस्ट तयार होतात आणि मधल्या नाक्यावरचे काउंटर त्यांच्यावाचून चालते.

ते जातात कुठे? औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणाऱ्या कंपन्यांत, क्लिनिकल चाचण्यांत, वैद्यकीय लेखनात, परदेशात. त्यांना दोष देण्यासारखे यात काही नाही. सहा वर्षे शिकलेल्या मुलीने मेडिकलमध्ये उभे राहावे असे वाटत असेल, तर त्या उभे राहण्याला मान हवा आणि पगारही हवा. आज बहुतेक ठिकाणी दोन्ही नाही. शिवाय एक जुने दुखणे आहे ते आहेच: सर्टिफिकेट एकाचे भिंतीवर, काउंटरवर दुसराच. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी ‘दुकानात फार्मासिस्ट हजर हवा, चिठ्ठीशिवाय चिठ्ठीचे औषध नको’ असा आग्रह धरला. राज्यभर खडाजंगी झाली, दुकाने बंद ठेवण्यापर्यंत मजल गेली. त्या वादात विक्रेत्यांची बाजूही होती, फार्मासिस्टच मिळत नाहीत, खेड्यात तर नाहीतच. पण त्या काळात पहिल्यांदा सामान्य गिऱ्हाइकाच्या कानावर गेले की काउंटरमागे कोण उभा आहे याला काही अर्थ असतो.

जगात या विषयाच्या दोन-तीन वाटा पडल्या, आणि त्यांतले वाद समजल्याखेरीज पुस्तकातले वाद समजणार नाहीत. पहिली वाट रुग्णालयातली. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात नवव्या मजल्यावर फार्मासिस्टना चोवीस तास वॉर्डातच नेमून पाहिले. क्लिनिकल फार्मसीचा उगम म्हणून हा प्रयोग सगळे सांगतात. पण त्याच्याही आधी, १९६० मध्ये, व्हर्जिनियातल्या बेरीव्हिल नावाच्या लहानशा गावात युजीन व्हाइट या दुकानदार फार्मासिस्टने आपल्या दुकानातले सोडा-सरबताचे काउंटर आणि किरकोळ माल काढून टाकला, बसायला खुर्च्या मांडल्या आणि प्रत्येक कुटुंबाच्या औषधांचे कार्ड लिहायला सुरुवात केली. कोण काय घेतो, कशाची ॲलर्जी आहे, आधी काय घेतले होते. संगणक नव्हता, सरकारी योजना नव्हती, एका गावातल्या एका माणसाला सुचलेली वही होती. या विषयाची खरी पहाट नवव्या मजल्यापेक्षा त्या गावातल्या दुकानात झाली असे या पुस्तकाचे मत आहे, आणि ते पटण्यासारखे आहे.

दुसरी वाट १९९० मध्ये हेपलर आणि स्ट्रँड यांच्या लेखाने पाडली. त्यांचा मुद्दा वरवर साधा, आतून कठोर. बरोबर औषध बरोबर माणसाला दिले की फार्मासिस्टचे काम संपत नाही, त्या औषधाने माणसाचे जे व्हायला हवे ते झाले का, याची जबाबदारी त्याच्यावर येते. इथे व्यवसायाची नैतिक जागाच सरकते. विक्रेता मालाची हमी देतो, हा माणूस परिणामात वाटेकरी होतो. काही जाणकारांना हे डॉक्टरांच्या अंगणात पाऊल टाकणे वाटते. आपल्याकडे तर ही भीती दोन्ही बाजूंना आहे. डॉक्टरांना वाटते चिठ्ठीवर शंका घेतली, फार्मासिस्टला वाटते फोन केला तर डॉक्टर उद्यापासून गिऱ्हाईक पाठवणार नाहीत. पुस्तकातल्या काही उत्तम पानांवर या एका फोनची चर्चा आहे. काय म्हणायचे, कोणत्या स्वरात म्हणायचे, आणि रुग्णासमोर मुळीच का करायचा नाही.

तिसरी वाट सरकारने पैसे मोजण्याची. ऑस्ट्रेलियात २००१ पासून फार्मासिस्ट रुग्णाच्या घरी जाऊन सगळी औषधे टेबलावर मांडून तपासतो आणि त्याचे मानधन सरकार देते. इंग्लंडमध्ये २०११ पासून नवे औषध सुरू झालेल्याची फार्मासिस्ट पहिल्या काही आठवड्यांत स्वतःहून विचारपूस करतो. २०२४ च्या जानेवारीअखेर तिथे सात किरकोळ आजारांत ठरावीक चौकटीत फार्मासिस्टकडूनच उपचार मिळण्याची सोय झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ मध्ये ‘सात ताऱ्यांचा फार्मासिस्ट’ अशी कल्पना मांडली होती: काळजी घेणारा, निर्णय घेणारा, संवाद साधणारा, व्यवस्थापक, आजन्म विद्यार्थी, शिक्षक, नेता. आमची वसाहत पाच ताऱ्यांची. तिच्या दारात सात ताऱ्यांचा माणूस उभा राहावा, ही अपेक्षा मोठी वाटली तरी अवाजवी नाही.

आपल्याकडची अडचण पैशापाशी येऊन थांबते, आणि पुस्तक तिथे तोंड फिरवत नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने नियंत्रित किमतीच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला आहे. सल्ल्याचे मोल असे काही धरलेले नाही. वरच्या प्रसंगातल्या फार्मासिस्टने जर सांगितले की ‘ही गोळी आज घेऊ नका, पाणी प्या, मीठ-साखर-लिंबू घ्या, उद्या डॉक्टरांना बीपी दाखवा’, तर त्याने आपले शिक्षण पुरेपूर वापरले आणि दोन गोळ्यांचा धंदा गमावला. विकल्याचे पैसे आणि वाचवल्याचे शून्य, अशा हिशेबात माणूस किती दिवस तग धरेल? याचे उत्तर सापडल्याखेरीज क्लिनिकल फार्मासिस्ट काउंटरवर टिकणार नाही.

तरीही माणसांनी करून दाखवले आहे. पणजीच्या हिंदू फार्मसीत राज वैद्य यांनी औषध विकण्यापेक्षा ते समजावून देण्याला महत्त्व दिले आणि भारतातल्या सामुदायिक फार्मसीच्या चर्चेत गोव्यातले ते दुकान उदाहरण होऊन बसले. उल्हासनगरच्या फार्मसी पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या मंजिरी घरत यांनी इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या माध्यमातून मुंबई परिसरातल्या मेडिकलवाल्यांना क्षयरोगाच्या कामात ओढले. खोकल्याचे औषध पुन्हापुन्हा मागणाऱ्याला ओळखायचे, थुंकीच्या तपासणीला पाठवायचे, डॉट्सच्या गोळ्या डोळ्यांसमोर घ्यायला लावायच्या. वस्तीतल्या साध्या दुकानांनी हे केले. पुढे घरत जागतिक फार्मासिस्ट संघटनेच्या उपाध्यक्ष झाल्या. क्षयरोगी आढळला तर कळवण्याची जबाबदारी २०१८ च्या मार्चमध्ये औषध विक्रेत्यांवरही आली.

क्षयरोगाचा विषय कागलमध्ये आणखी जवळचा होतो. कोल्हापूरची ओळख शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या फौंड्र्यांनी घडवली. साच्याच्या वाळूत सिलिका असते. कास्टिंग फेटलिंगला आले, शॉट ब्लास्टिंगला गेले की तिची बारीक धूळ उडते. वर्षानुवर्षे ती फुफ्फुसात साठली तर सिलिकोसिस होतो, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका कितीतरी वाढतो. म्हणून इथल्या काउंटरवर जुन्या खोकल्याचे औषध मागणाऱ्याला ‘कुठल्या खात्यात?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. क्षयाचे औषध सुरू झालेल्याला सांगायचेही बरेच असते. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. आधी कुणी सांगितले नाही तर माणूस रक्त पडतेय समजून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. हेच औषध गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घालवते, साखरेच्या काही गोळ्यांचाही कमी करते. गोळ्या सरकारी दवाखान्यातून आलेल्या असतील, पण शंका विचारायला माणूस येतो तो ओळखीच्या मेडिकलमध्येच.

आता त्या १-०-१ कडे. डॉक्टरांच्या मनात पहिला ‘१’ म्हणजे सकाळ, सकाळ म्हणजे नाश्ता. वसाहतीतल्या नाइटवाल्याची सकाळ वेगळी असते. तो सात वाजता कार्ड पंच करतो, साडेसातला खोलीवर पोचतो, आंघोळ करतो आणि अंग टाकतो. जेवण दुपारी दोनला उठल्यावर. त्याला ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी नाश्त्याबरोबर लिहून दिली आहे. तो आज्ञाधारक आहे, गोळी चुकवत नाही. गोळी घेतो आणि उपाशी झोपतो. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. झोपेत साखर उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि जाग आली तर त्याला वाटते की नाइटचा थकवा आहे. जाग आली नाही तर काय, हे लिहायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते आणि सगळे वेळापत्रक पुन्हा उलटे. या माणसाला घड्याळ सांगून उपयोग नाही, जेवण सांगावे लागते. ‘उठल्यावर पहिल्या जेवणासोबत, न जेवता झोपणार असाल तर ही गोळी नाही.’ आणि डॉक्टरांना कळवावे लागते की तुमचा रुग्ण फिरत्या पाळीत आहे, औषध बदलता येईल का. एवढे करायला यंत्रसामग्री लागत नाही. ग्लिमेपिराइड कसे वागते ते ठाऊक असावे लागते आणि एमआयडीसी कशी जगते तेही. पहिले पुस्तकातून येते, दुसरे काउंटरवर उभे राहून.

अशी कितीतरी उदाहरणे. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन असते, त्याने गुंगी येते. प्रेस मशीनवर काम करणाऱ्याला ती पाळीच्या आधी देणे म्हणजे बोटे पणाला लावणे. कापडाच्या युनिटमध्ये काम करणाऱ्या बायका लोहाची गोळी बहुधा चहाच्या सुट्टीत घेतात, कारण पाणी आणि उसंत दोन्ही तेव्हाच मिळते. पण चहाने लोह अंगाला लागत नाही. ‘ताई, गोळी चहासंगं नको, तासभर अंतर ठेवा’, या एका वाक्याने तीन महिन्यांचा उपचार फळतो. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार हिंदीत विचारतात, निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांच्या बोलण्यात कन्नड येते आणि पाकिटावरचे सगळे इंग्रजीत. सूर्य-चंद्राची चित्रे काढून दिलेले लेबल इथे फार मोठे काम करते. त्या जुन्या कातरलेल्या पट्टीचीच ही नात म्हणायची.

वसाहतीचा विषय निघाला की एक प्रश्न कारखानदारांनाही विचारावा लागतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिल नावाचे शहर आहे. १९९७ च्या सुमारास तिथल्या नगरपालिकेने आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांना गावातल्या औषध दुकानातल्या प्रशिक्षित फार्मासिस्टशी जोडून दिले. फार्मासिस्टने ठरावीक वेळी भेटायचे, साखर पाहायची, औषधे तपासायची, समजावायचे. त्याचे मानधन पालिकेने द्यायचे आणि कर्मचाऱ्याला औषधांवरच्या खर्चात सूट. कर्मचाऱ्यांची साखर आटोक्यात आली, आजारपणाच्या रजा कमी झाल्या, एकूण खर्चही उतरला. ॲशव्हिलने जे केले ते मालकाने आपल्या माणसांसाठी केले होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, रेमंड, इंडो काउंट अशी मोठी नावे आणि त्यांच्याभोवती असंख्य लहान फौंड्र्या, मशीन शॉप असलेल्या या वसाहतीत तसे काही घडवणे अशक्य नाही. सल्ल्याचे पैसे कोण देणार, या मघाच्या प्रश्नाचे एक उत्तर इथे मिळू शकते. राज्य विम्याच्या कक्षेत मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात, त्यांच्यासाठी विमा यंत्रणेलाही हा विचार करता येईल.

हे सारे आजच का, याला कारणे आहेत. वसाहतीत विशीत लागलेली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आली आहे. एका माणसामागे एक-दोन गोळ्यांचे दिवस गेले, चार-पाच गोळ्यांचे आले. अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन कोर्स अर्धवट सोडण्याची सवय सगळ्यांनाच महागात पडणार आहे. तिला आळा घालायला २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच वनची वेगळी नोंदवही आली, पण नोंद करणारा विचारणारा नसेल तर वही नुसतीच भरते. घरबसल्या मोबाइलवर औषधे मागवण्याचे २०१८ चे मसुदा नियम अजून अंतिम झालेले नाहीत, धंदा मात्र वाढतो आहे. ज्याच्याकडे फक्त माल आहे अशा दुकानाचा त्या स्पर्धेत निभाव लागणे अवघड. मोबाइलला ‘कुठल्या खात्यात कामाला?’ हे विचारता येत नाही, आणि तेवढीच गोष्ट नाक्यावरच्या दुकानापाशी शिल्लक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा कोल्हापूरची वाहतूक कित्येक दिवस तुटली. अशा वेळी पुरात चिठ्ठ्या-गोळ्या वाहून गेलेल्या माणसाला कोणते औषध किती चालू होते, हे सांगायला त्याच्या मेडिकलवाल्याची वहीच उपयोगी पडते. ती वही असेल तर.

कायद्याने मोकळीक दिलेली आहे, हेही फारसे कुणाला ठाऊक नसते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांत समुपदेशन ही फार्मासिस्टची जबाबदारी म्हणून स्पष्ट आली आहे, डोस चुकला तर काय करायचे हे सांगण्यापर्यंत. २०२१ च्या दुरुस्तीने क्लिनिकल फार्मासिस्ट हे पदही त्यात आले. औषधाचा दुष्परिणाम दिसला तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाला कुणीही कळवू शकतो, कागलचा मेडिकलवालाही.

या संग्रहात डी. फार्म. करून वडिलांच्या दुकानात उभे राहिलेले आहेत, फार्म. डी. करून रुग्णालयात गेलेले आणि परत न आलेलेही आहेत. त्यांची पार्श्वभूमी वेगळी, बोली वेगळी, एकमेकांबद्दलचे समजही वेगळे. जुन्या दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्या नावाने ठाऊक असतात आणि नव्या पदवीधराला औषधांच्या तीन पिढ्या. संपादनाने दोघांना एका टेबलाशी बसवले आहे आणि कुणालाही दुसऱ्याचा शिष्य केलेले नाही. काही लेख एकमेकांचे म्हणणे खोडतात. ते तसेच ठेवले आहेत, आणि ते योग्य झाले. विषय अजून घडतो आहे, त्याची कड सफाईने दुमडण्याची वेळ आलेली नाही.

हे पाठ्यपुस्तक नाही. औषधांचे डोस इथून पाठ करू नयेत, आणि इथले वाचून आपली गोळी कुणी परस्पर बंद करू नये. फार्मसीच्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठूनही करावी. कारखान्यातल्या मनुष्यबळ विभागाच्या माणसाने पाळ्यांवरचा भाग आधी वाचावा. डॉक्टरांनी फोनवरची ती पाने वाचली तर लेखकांना आनंद होईल.

पुस्तकाच्या शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे. औषधाचे नाव, कशासाठी, कुणी दिले, केव्हापासून, असे नेहमीचे रकाने त्यात आहेतच. त्यांच्या जोडीला तीन रकाने इथल्या माणसांनी इथल्यासाठी घातले आहेत: खाते कोणते, या आठवड्यात पाळी कोणती, आणि पहिले जेवण किती वाजता. त्याच्या झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवाव्यात. परवानगी विचारण्याची गरज नाही.